अष्टागराचा सपाट रस्ता: मांडवा ते रेवदंडा, पुणेकर सायकलस्वारांसाठी

अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या या किनारपट्टीत, मांडवा जेट्टीपासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर रस्ता आहे आणि त्यात चढ म्हणावा असा चढ जवळजवळ नाही. सासवणे, आवास, किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावं एकामागून एक लागतात. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या असतात आणि पश्चिमेला समुद्र, बहुतेक वेळा वाडीच्या पलीकडे लपलेला. रोज सकाळी बोपदेव नाहीतर सिंहगड करणाऱ्या पुणेकराला हे अंतर नाश्त्याआधी संपेल असं वाटतं. पायांपुरतं ते खरंही आहे. पण हा रस्ता घड्याळ बघून करायचा आहे. भरती-ओहोटी, दुपारचा वारा आणि शनिवार-रविवारच्या गाड्या या तिन्हींच्या वेळा जमल्या तर महाराष्ट्रात आरामशीर सायकलिंगसाठी याच्या तोडीचा रस्ता शोधावा लागेल. त्या चुकल्या तर मात्र एसयूव्हीच्या रांगेत, उलट्या वाऱ्यात आणि घामाच्या धारांत चाळीस किलोमीटर काढावे लागतात.

आधी पोचण्याचं. पुण्याहून अलिबाग खोपोली, पेण, वडखळमार्गे १४५ किलोमीटरच्या आसपास. एक्सप्रेसवेवर सायकलींना बंदी आहे. जुन्या हायवेने बोरघाट उतरून पेणपर्यंत सायकल मारणारे आहेत, पण वडखळ ते अलिबाग हा रस्ता अवजड वाहनांचा आणि अरुंद असल्यामुळे निवांत सहलीची सुरुवात त्याने करू नये. गाडीच्या मागे रॅक लावून सायकली नेणं सोयीचं. पट्ट्यांच्या रॅकवर दोनच सायकली घ्या. तिसरी चढवली की पट्टे सैल होतात आणि पेडल दुसऱ्या सायकलीच्या फ्रेमवर घासतं. घाट उतरण्याआधी एकदा आणि खालापूरच्या फूड मॉलला एकदा पट्टे ओढून बघायचे. पुढचं चाक फ्रेमला बांधून टाका, नाहीतर वाऱ्याने फिरत राहतं आणि केबल ताणल्या जातात. नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जाणार नाही हेही बघा.

गाडी न्यायची नसेल तर स्वारगेटहून अलिबागला थेट एसटी आहे, पण त्यात घडीची सायकलच बिनघोर जाते. मोठी सायकल घ्यायची की नाही हे डिकीतल्या जागेवर आणि कंडक्टरच्या मर्जीवर ठरतं. तिसरा मार्ग लांबचा आणि मजेचा: ट्रेनने मुंबई, सीएसएमटीहून सायकलने भाऊचा धक्का आणि तिथून मांडव्याची रो-रो बोट. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. बोटीला साधारण तास लागतो आणि सायकल थेट गाड्यांच्या डेकवर चालवत नेता येते. गेटवेवरून सुटणाऱ्या छोट्या बोटींचं तसं नाही. गर्दी असली की तिथे सायकल नाकारतात आणि पावसाळ्यात त्या बंदच असतात. रो-रोचं वेळापत्रकसुद्धा हवामानाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या दिवशी बघूनच निघायचं. ट्रेनमध्ये सायकल लगेज डब्यातून पाठवायची तर पार्सल ऑफिसला पुरेसं आधी पोचा. डिरेल्यरवर, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर, पुठ्ठा बांधा. हमाल सायकल आडवी टाकतात आणि डिरेल्यर ज्यावर बसतो तो हँगर वाकतो. वाकलेला हँगर मुंबईत लक्षात येत नाही, किहीमला मोठ्या दात्यावर चेन स्पोकमध्ये गेली की येतो.

आता वाऱ्याचं, कारण दिशा त्यावरून ठरते. हिवाळ्यात या किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला असतो, नाहीतर जमिनीकडून हलका येतो. अकरा-साडेअकराच्या सुमारास समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो आणि दुपारी चांगलाच वाढतो. म्हणजे सकाळी उत्तरेला जायचं आणि दुपारी दक्षिणेला परतायचं. अलिबागला मुक्काम करून पहिल्या दिवशी मांडव्याकडे निघालात तर जाताना वारा नसतो आणि येताना तो पाठीवर असतो. दुसऱ्या दिवशीचा रेवदंड्याचा टप्पा नेमका उलटा आहे, परतीचा रस्ता उत्तरेकडे. तिथे उजाडता उजाडता निघून दहाच्या आत रेवदंड्याहून मागे वळावं. बरेच जण चौल-रेवदंड्यात रमतात, मासे खाऊन दीडला निघतात आणि मग अठरा किलोमीटरला दोन तास लागले म्हणून रस्त्याला नावं ठेवतात. मांडव्याला बोटीने उतरून सरळ रेवदंड्यापर्यंत जाणाऱ्यांना मात्र दुपारसुद्धा चालते, वारा पाठीशीच राहतो.

पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, सायकल चालवणं हे या मार्गाचं खरं आकर्षण आणि तिथे सगळं भरती-ओहोटीवर आहे. ॲप बघायला हरकत नाही, पण कोकणातला हिशेब सोपा आणि पुरेसा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास पुढे-मागे. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर ओसरतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड ओसरत नाही.

सायकलवाल्याने यातून काय घ्यायचं? द्वितीया-तृतीया. त्या दिवशी भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळची ओहोटी सव्वासात ते आठला. उधाण नुकतंच उलटलेलं असल्यामुळे पाणीही दूरवर गेलेलं असतं. ऊन कोवळं, वारा नाही, पर्यटक अजून चहा पीत बसलेले. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास एवढा वेळ हातात असतो. कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवार शोधण्याऐवजी नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधली द्वितीया शोधा आणि ती मधल्या वारी आली तर रजा टाका.

सलग चालवण्यासारखा पट्टा आक्षी ते नागाव. आक्षीला सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरता येतं, थंडीत पाणपक्षीही बरेच दिसतात. त्यांच्या थव्यात सायकल घालू नये, वरच्या अंगाने वळसा घ्यावा. वाळू काळसर आणि घट्ट आहे. पाणी नुकतंच ओसरलेल्या ओल्या पट्ट्यावरच राहायचं, जिथे चालताना पावलाचा ठसा जेमतेम उमटतो. त्याच्या वर कोरडी भुसभुशीत वाळू लागते, तिथे पुढचं चाक रुततं आणि हँडल झटकन वळतं. जोरात ब्रेक मारला की पडणारच. अलिबागच्या किनाऱ्यावरून थेट आक्षीला जाण्याचा मोह मात्र टाळा. मध्ये खाडीचं तोंड आहे आणि ओहोटीला तिथे दिसणारी ‘वाळू’ चिखल असते. चाक गेलं की पाय जातो. पुलावरून जाणाऱ्या रस्त्याने फार तर काही मिनिटं जास्त लागतात. लाटांच्या फेसातून चालवत फोटो काढण्याची हौस महागात पडते, हबमध्ये खारं पाणी शिरतं आणि महिन्याभरात छर्रे खरखरायला लागतात.

टायर ३५ ते ४२ मिलिमीटरचे असतील तर दोन्हीकडे चालतात. सत्तर किलोच्या माणसाला ३८च्या टायरमध्ये डांबरावर ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते, पुळणीवर ती ३०पर्यंत उतरवायची आणि रस्त्यावर येताच पुन्हा भरायची. न भरता खड्ड्यात गेलात तर रिमने ट्यूब चावली जाते आणि सापाच्या दातांसारखी जोडभोकं पडतात. म्हणून गेज असलेला पंप जवळ हवा. २५च्या टायरची रोड बाइक डांबरावर चालेल, पण गावागावातले पेव्हर ब्लॉक आणि विनापट्ट्यांचे गतिरोधक मनगटं खिळखिळी करतात, आणि पुळण तर विसराच. गिअर फारसे बदलावेच लागत नाहीत, साध्या सिंगल-स्पीडवरही हा मार्ग होतो. ट्यूब दोन न्या. अलिबागमध्ये सायकलची दुकानं आहेत, पण ती रोजच्या वापराच्या सायकलींची. प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हची ट्यूब किंवा डिस्क ब्रेकचे पॅड तिथे मिळतील या भरवशावर राहू नये. भाड्याच्या सायकली किनाऱ्यालगत मिळतात, त्या अर्ध्या तासाच्या फेरफटक्यापुरत्या ठीक. सीट वर होत नाही अशा सायकलवर चाळीस किलोमीटर म्हणजे गुडघ्यांना शिक्षा.

उत्तरेच्या टप्प्यात मांडवा-अलिबाग मुख्य रस्ता चोंढीवरून जातो आणि तो टाळता येईल तेवढा टाळावा. बोटीतून उतरलेल्या गाड्या, रिक्षा, डंपर सगळे त्यावरच असतात. सासवणे-आवासच्या बाजूला आणि किहीमहून नवगाव-थळकडे गावातले रस्ते आहेत. ते अरुंद आणि वळणावळणाचे असले तरी सावलीचे आहेत. वळणावर घंटी वाजवा, समोरून येणारी मोटारसायकल दिसत नाही. मॅप इथे कधी कधी वाडीतल्या पायवाटेला रस्ता समजतो. फाटक दिसलं की मागे फिरा, ती कुणाची तरी खासगी वाडी असते. पहाटे कुत्री अंगावर येतात, तेव्हा वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून चालणं बरं.

सासवण्याला करमरकर शिल्पालय आहे आणि पुणेकराने ते चुकवू नये. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, १९२८चा, ज्यांनी घडवला त्या विनायक पांडुरंग करमरकरांचं हे राहतं घर. अंगणातली म्हैस बघून आधी माणूस दचकतो, मग ते शिल्प आहे हे कळतं. किहीमला सालिम अलींनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतात. यातला खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. थळच्या कोळीवाड्यात बोंबील आणि जवळा वाळत घातलेला असतो. वास सहन होत नसेल तर न थांबता पुढे जावं, पण नाकाला रुमाल लावून फोटो काढू नयेत.

अलिबागमध्ये कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, सायकल किनाऱ्यावर कुलूप लावून ठेवायची. इथेही तिथीचाच हिशेब. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण भांगामुळे वाटेत पाणी राहतं. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. भूचुंबकीय वेधशाळा १९०४ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली मापं बिघडणार, म्हणून ती इकडे आणली. आत सहज सोडत नाहीत, पण रस्त्यावरून जाताना हे ठाऊक असलेलं बरं.

दक्षिणेचा टप्पा अंतराने कमी आणि बघायला जास्त. आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सायकलवरून उतरून पाच मिनिटं द्यावीत. नागावची मुख्य सडक वाड्यांच्या मधून जाते, इथली सावली या साऱ्या मार्गात सर्वांत दाट. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुढची पुष्करणी हे थांबायचं उत्तम ठिकाण: पाणी आहे, सावली आहे, सायकल टेकवायला दगडी कठडा आहे. देवळातली पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड विचारून बघा. रेवदंड्यात पोर्तुगीज किल्ल्याची तटबंदी गावाला वेढून आहे. सातखणी बुरूज बघायला जाताना सायकल रस्त्याकडेला ठेवावी, आत काटेरी झुडपं आहेत आणि पंक्चर ठरलेलं. पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन, त्याचं स्मारकही इथेच.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की सपाटी संपत येते. साळाव, कोर्लई, काशीद, मुरूड हा रस्ता सुंदर आहे पण चढ-उताराचा आहे. मुलं किंवा नवखे बरोबर असतील तर पुलाच्या अलीकडेच थांबावं. पुलांवर सांध्यांच्या फटी आडव्या ठेवून ओलांडायच्या, तिरपं चाक अडकतं.

गर्दीबद्दल स्पष्टच सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईच्या गाड्या इकडे आणखी लवकर पोचतात (त्या पुलावर सायकलींना प्रवेश नाही). शनिवारी दहानंतर आणि रविवारी दिवसभर अलिबाग ते नागाव रस्त्यावर सायकलला कडेला जागाच उरत नाही. डांबराची कड तुटलेली आणि खाली कच्ची बाजूपट्टी. गाडीवाला हॉर्न देतो म्हणून कडेखाली उतरलात तर परत वर चढताना चाक घसरतं. मंगळवार ते गुरुवार हाच रस्ता ओळखू येणार नाही इतका शांत असतो. नाताळ ते एक जानेवारी तर नकोच. चौलच्या दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेपासून आणि वरसोलीच्या विठोबाची कार्तिक वद्य एकादशीपासून पाच-पाच दिवस भरते. यात्रेसाठीच जाणार असाल तर वेगळं, सायकलिंगला ते दिवस टाळा. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर दमटपणा असा असतो की पुण्याच्या कोरड्या हवेला सरावलेलं शरीर फसतं. घाम सुकत नाही, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळतच नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि त्यात मीठ-साखर हवंच. शहाळी जागोजागी मिळतात, त्यांच्यावर नुसतं तहान भागवायला अवलंबून राहू नये, मीठ वेगळं लागतं.

खाण्याची बाजू भक्कम आहे, फक्त सांगून ठेवावं लागतं. घरगुती खाणावळींत सकाळी फोन केला तर बाराला ताटात ताजा मासा येतो. न सांगता दोनला गेलात तर फ्रीजमधलं पापलेट आणि गार भाकरी. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक मागा, मेनूवरचं पनीर सोडा. जानेवारी-फेब्रुवारीत पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, हवं तर चिकन किंवा अंडी, मडकं उलटं करून भोवती जाळ. ती रात्रीची गोष्ट आहे आणि चार माणसांशिवाय करत नाहीत, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारा. पांढऱ्या कांद्याच्या वेण्या रस्त्याकडेला लटकलेल्या दिसतील. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा आहे, पण वेणी हँडलला अडकवू नका, गुडघ्याला लागते. मागच्या कॅरिअरवर आडवी बांधा.

खोली ठरवताना एसीआधी दोन गोष्टी विचाराव्या: सायकली रात्री आत घेता येतील का आणि अंगणात गोड्या पाण्याचा नळ आहे का. दुसरी जास्त महत्त्वाची. पुळणीवर चालवलेली सायकल त्याच दिवशी धुवायची, पुण्याला पोचल्यावर नव्हे. बादलीतून मग्याने हलकं पाणी ओतायचं. प्रेशरच्या पाइपने धुतलं तर वाळूच बीबीच्या (पेडलांच्या मधल्या आसाच्या) आणि हबच्या बेअरिंगमध्ये ढकलली जाते. चेन फडक्याने कोरडी करून पातळ तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीला, मग जास्तीचं पुसून टाकायचं. तेलकट चेनवर वाळू बसली की ती कानशीसारखी दाते खाते. रिम ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतलेले वाळूचे कण टोकदार वस्तूने काढा, नाहीतर पहिल्याच उतारावर रिमला चरे पडतात. घरी आल्यावर सीटपोस्ट बाहेर काढून पुसा आणि ग्रीस लावून पुन्हा बसवा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट असेल तर खाऱ्या ओलाव्याने दोन्ही धातू एकमेकांना धरतात आणि पुढच्या वर्षी सीट वर-खाली करायला मेकॅनिककडे व्हाइस लागतो. स्पोकच्या निपलवर पांढरी पूड दिसली तर ती धूळ समजून सोडू नका. तेलाचा बारीक थेंब देऊन प्रत्येक निपल पाव फेरा मागे-पुढे हलवून बघा. फिरला तर ठीक, घट्ट बसला असेल तर ते चाक ट्रूइंगला, म्हणजे सरळ करून घ्यायला, टाका.